एका इटालियन बाटलीबरोबर लालबागपर्यंत

आमच्या मुख्याध्यापिकाबाई सहा आठवडे युरोपात जाऊन आल्या आणि गेलं वर्षभर शिक्षिकांच्या खोलीत आम्ही दुसरं काही ऐकलेलं नाही. चहात साखर कमी पडली तरी त्यांना व्हिएन्ना आठवतं. त्यांचे प्रवासलेख शाळेच्या वार्षिकात छापून आले, त्यांची मुद्रितं मीच तपासली, आणि तेव्हाच ठरवलं की आपणही लिहायचं. मी युरोपला गेलेले नाही. मी गिरगावातून लालबागेत गेले, तेही माझगाव आणि दादर असा वळसा घालून, आणि जाताना माझ्या पिशवीत इटली होती. आमच्या वाडीतली निम्मी माणसं भायखळ्याच्या पुढे लग्नाकार्याशिवाय गेलेली नाहीत, त्यांना तरी या वर्णनाचा उपयोग व्हावा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी मुलींच्या शाळेत पाकशास्त्र शिकवते, पण जन्मात मासा खाल्लेला नाही. अंड्याचा केक करायचा तास असला की मी खिडकीपाशी उभी राहून सूचना देते. असं असूनही या प्रवासात सगळेजण मला तज्ज्ञ समजत होते, आणि मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

गुरुवार : गिरगाव

संध्याकाळी सुशीला आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी, लालबागेत दिलेली. आल्या आल्या म्हणाली, "बाई, दार लावा." मग पिशवीतली मेथीची जुडी बाजूला सारून तिने एक बाटली काढली आणि माझ्या पाटावर ठेवली. हिरवी काच, कंबर बारीक, वर-खाली भरलेली. एखादी ठसकेबाज बाई उभी आहे असंच वाटावं. आत पांढरी म्हणतात ती दारू, पण पांढरी कसली, फिकट पिवळी. वर चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर इटालियन अक्षरं.

दारूबंदीच्या या दिवसांत परवान्याशिवाय बाटली घरात ठेवणं म्हणजे चौकीला आमंत्रण. (बाटली आता रिकामी आहे, तेव्हा कुणी चौकशीचा त्रास घेऊ नये.)

"हे काय आणलंस माझ्या घरात?"

"बाई, ह्यांची नोकरी आहे ही," सुशीला म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा वसंत माझगावच्या गोदीत फिटर. बदलीवर काम. बोलावलं तर जायचं, नाही तर गॅलरीत बसून रस्ता बघायचा. गोदीत एक इटालियन बोट दुरुस्तीला आली. तिच्यावरचा मोठा इंजिनियर, सिन्योर ब्रूनो, वसंताच्या हातावर खूश झाला. बोटीवर कायमचा फिटर म्हणून न्यायची त्याची तयारी होती. पण या गृहस्थाचा एक सिद्धान्त. जो माणूस दारूबरोबर काय खायचं हे बरोबर ओळखतो, तोच नटाला बोल्ट बरोबर बसवतो. त्याने ही बाटली वसंताच्या हातात दिली आणि सांगितलं, रविवारी दुपारी तुझ्या घरी जेवायला येतो, हिला शोभेल असं जेवण घाल. शोभलं तर कंपनीला चिठ्ठी लिहून देतो. नाही शोभलं तर बोट बुधवारी निघतेच आहे.

"बाई, तुम्ही शिकवता ना, कशाबरोबर काय."

"मी श्रीखंडाबरोबर पुरी शिकवते, सुशीला."

"तेच की हो."

तिच्या सासरी एका खोलीत नऊ माणसं राहतात, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, सासूबाईंचं काय म्हणणं? सुशीला म्हणाली, आये चार दिवस कुणाशी बोललेल्याच नाहीत. त्यांचा धाकटा दीर बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून त्या घरात बोटीचं नाव काढायची सोय नाही. बाटली त्यांच्या नजरेला पडू नये म्हणूनच ती माझ्याकडे आणली होती.

मी बाटली लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

शुक्रवार : माझगाव

शाळेतल्या गोव्याच्या शिक्षिकेने पत्ता दिला तो इनासकाकांचा. आयुष्यभर बोटींवर स्वयंपाकी होते, आता माझगावला देवळाच्या मागे, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, एका लाकडी घरात राहतात. गिरगावात आपण पाहुण्याला दारातच उभं करून 'कोण पाहिजे' विचारतो. माझगावात आधी खुर्ची देतात आणि मग तुम्ही कोण ते विचारतात. ही पद्धत मला आवडली, पण गिरगावात चालायची नाही. आमच्याकडे खुर्च्या कमी.

मी पिशवीतून बाटली काढली. इनासकाका उभेच राहिले. चष्मा पुसला, चिठ्ठीवरचं दारूचं नाव वाचलं आणि म्हणाले, "व्हर्दिक्यो. गो बाय, किती वर्सांनी." मग त्यांनी विचारलं, पाच मिनिटं हातात धरू का? मी हो म्हटलं. त्यांनी बाटली मांडीवर घेतली आणि खरोखर पाच मिनिटं तशीच धरून बसले. मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. अशा वेळी काय बोलावं हे पाकशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नाही.

नंतर मात्र त्यांच्यातला स्वयंपाकी जागा झाला. "ही दर्याकाठची वायन. हिच्याबरोबर मासळी. साधी. मीठ आणि लिंबू. बस."

"आणि मसाला?"

"मिरची नाय. चिंच नाय. सोलं नाय. खोबरं नाय."

"काका, मालवणी घर आहे. एवढं सगळं काढलं तर राहिलं काय?"

"मासळी," ते म्हणाले. "तिचा वास येऊ दे की जरा."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण दारूची चव कळल्याशिवाय जेवण ठरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि बाटली तर उघडायची नव्हती. तेव्हा त्यांनी माझी तालीम घेतली. दोन पेल्यांत नळाचं पाणी ओतलं. बशीत उकडलेला बटाटा ठेवला. बटाटा म्हणजे पापलेट आणि पाणी म्हणजे व्हर्दिक्यो. मी बटाट्याचा घास घ्यायचा, वर पाण्याचा घोट घ्यायचा, तो तोंडात फिरवायचा आणि काय लागतं ते सांगायचं.

"काय लागलं?"

"नळाचं पाणी."

"परत घ्या. घाई नको. शेवटी जिभेवर जरा कडू बदाम यायला पायजे."

तिसऱ्या घोटाला मला बदाम लागला. देवाशपथ लागला. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून लागला असेल, पण लागला. ते इतके खूश झाले की दुसऱ्या बटाट्याला कोळंबी समजून पुन्हा तालीम घेतली. निघताना त्यांनी बजावलं, वायन थंड हवी आणि खाली पांढरं कापड हवं. पांढऱ्या कापडाशिवाय पांढरी वायन देणारा माणूस त्यांच्या मते माणूसच नव्हे. मी त्यांना रविवारी या म्हटलं, तर म्हणाले, बघवणार नाही.

शनिवार : दादर आणि परळ

पांढऱ्या कापडासाठी सुशीला आणि मी दादरला हिंदमातेपाशी गेलो. दुकानदाराने विचारलं, टेबल केवढं? सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. टेबल नव्हतंच. दोन ट्रंका आणि त्यांवर चाळीतला कॅरमबोर्ड, असा तिचा बेत होता. दुकानदाराने कॅरमबोर्डावर घालायचं कापड आजवर कापलं नव्हतं. बराच विचार करून त्याने एक कोरं धोतर पुढे केलं. "धुवून परत नेसता येईल," तो म्हणाला. गिरगावातले दुकानदार गिऱ्हाइकाच्या सोयीचं इतकं बघत नाहीत.

येताना परळला ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे मोर्चा होता. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे गिरगावातही निघतात, पण आम्ही ते बहुतेक गॅलरीतून बघतो. परळला बघायला गॅलरीत कुणी उरतच नाही, सगळे खाली. उतरून चालू लागलो तर पाच मिनिटांत आम्ही मोर्चात. माझ्या एका हातात धोतर, दुसऱ्या हातात लालबागेत पोचवायच्या बाटलीची पिशवी.

एक घामाघूम कार्यकर्ता धावत आला. "बाई, कापड कोरं आहे? आमचा फलक फाटला."

मी नाही म्हणणार होते. पण आजूबाजूच्या शंभर माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या एका धोतरावर मुंबई अडून राहिली आहे. मी कापड दिलं. त्यांनी रस्त्यावरच ते पसरलं, लाल रंगाने हातभर अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं, आणि कापड माझं म्हणून एक काठी मानाने माझ्या हातात दिली.

थोडं पुढे एका हवालदाराने मला अडवलं. "बाई, पिशवीत काय आहे?"

बत्तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई मी. "ही काठी धरा आधी," मी म्हटलं. त्याने धरली. मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, पदर सारखा केला, काठी परत घेतली आणि पुढे चालू लागले. त्याला आपण काय विचारलं होतं ते आठवेपर्यंत आम्ही लालबागेत पोचलो होतो.

मोर्चा पांगला तेव्हा कार्यकर्त्याने फलक घडी घालून प्रामाणिकपणे परत आणून दिला. रंग ओला होता.

आता बाटली थंड करायची राहिली. आये शेजारी गेल्या आहेत असं बघून सुशीलाने ती पाण्याच्या पिंपात तळाशी सोडली, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर वरवंटा ठेवला. वसंत घरीच होता. अबोल माणूस. मला नमस्कार करून म्हणाला, "बाई, इंजिनातलं काय असेल ते मी बघतो. हे जेवणाचं तुमच्याच हातात." त्याचे डोळे झोप नसल्यासारखे तांबारले होते. मला त्याची फार दया आली, आणि जरा भीतीही वाटली.

रविवार : लालबाग

सकाळी पोचले तर अख्खी चाळ कामाला लागली होती. आमच्याकडे पाहुणा ज्याच्या घरी येतो त्याचाच असतो. इथे तो मजल्याचा असतो. कुणी काचेचे पेले आणले होते, कुणी खुर्ची. एकाने पुस्तकांच्या दुकानातून इटलीचा नकाशा आणून दारावर लावला होता. कॅरमबोर्डावर माझं धोतर घातलेलं, आणि अक्षरं धुवूनही गेली नव्हती. त्यामुळे पाहुण्याच्या ताटाखाली 'झालाच' येत होतं आणि वसंताच्या ताटाखाली 'पाहिजे'.

सुशीलाने पहाटे जाऊन पापलेटं आणली होती आणि इनासकाकांच्या सांगण्याप्रमाणे मीठ-लिंबू लावून वाफवली होती. पांढरी, स्वच्छ, बाळंतिणीच्या पथ्याला चालतील अशी. आयेंनी ती एकदा उघडून पाहिली, झाकली आणि घरच्यांसाठी म्हणून चुलीवर तिसऱ्यांचं सुकं टाकलं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातला मासा, हे मला तिथे कळलं. खोबरं, मिरची, सोलं, म्हणजे काकांनी वर्ज्य केलेलं एकूण एक त्यात होतं.

सिन्योर ब्रूनो साडेबाराला आले. दाराची चौकट कपाळाला लागली, तरी हसतच आत आले. वसंताचं इंग्रजी नट, बोल्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यापुरतं, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे. त्यांनी पापलेटाचा एक घास घेतला, मान डोलावली आणि उदास झाले. "आमच्या बोटीवर हेच असतं," ते म्हणाले. तेवढ्यात चुलीकडून वास आला. त्यांनी बोट दाखवलं. आयेंनी तिसऱ्यांची वाटी पुढे ठेवली. पहिल्या घासाला त्यांचे डोळे भरून आले, दुसऱ्याला नाक गळू लागलं, तिसऱ्याला त्यांनी कोट काढला. त्यांच्या गावी असंच शिंपल्यातलं खातात, म्हणाले, फक्त त्यात हा विस्तव नसतो.

"आता," ते हात पुसत म्हणाले, "बाटली आणा."

सुशीला पिंपापाशी गेली, कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच उभी राहिली.

आयेंनी कोपऱ्यातून बाटली काढून कॅरमबोर्डावर ठेवली. रिकामी. बूच लाटण्याच्या टोकाने आत ढकललेलं, ते तळाशी पडलं होतं.

वसंताने हातातला घास ताटात ठेवला.

आये अगदी शांत होत्या. "सकाळी पानी काढताना गावली," त्या म्हणाल्या. "झील दर्यार जातलो, आनी सून पिंपात दारू लपवून ठेवता. म्हटलं, देवचारासाठीच हाडल्यान असतली. दुसरा कशाक हाडतली?"

गिरगावकरांसाठी सांगते. झील म्हणजे मुलगा, हाडणं म्हणजे आणणं, आणि देवचार म्हणजे कोकणातल्या गावाचा राखणदार. त्याच्याकडे काही मागायचं तर दारू द्यावी लागते, आणि ती उष्टी चालत नाही, सीलबंद हवी. मुंबईत तो नसतो, पण गावाकडे तोंड करून हाक मारली तर ऐकतो. आयेंनी चाळीमागच्या पिंपळाच्या बुंध्याशी सगळी व्हर्दिक्यो ओतली होती. मी हे सिन्योरना इंग्रजीत सांगितलं. सांगताना माझ्याच कानांना ते खरं वाटेना.

सिन्योर ब्रूनो बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि गंभीरपणे विचारलं, "त्या राखणदाराने वाइनबरोबर काय खाल्लं?"

मी आयेंना विचारलं. "उकडलेला अंडा," आये म्हणाल्या. "आनी इडी."

"अंडं आणि विडी," मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. अंडं त्यांना पटलं. विडीवर त्यांनी थोडा विचार केला आणि तीही पटली असं दिसलं. मग म्हणाले, मागितलं कसं ते मला ऐकायचं आहे.

आये उठल्या, पदर खोचला, हात जोडले आणि दारात उभ्या राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मोठ्याने, काही न लपवता. गाऱ्हाण्याला प्रत्येक वाक्यामागे साथ द्यायची रीत आहे, आणि गाऱ्हाणं ऐकू आलं की मालवणी माणसाच्या तोंडून साथ आपोआप निघते.

"बा देवचारा म्हाराजा, लांबसून हाक मारतंय ती आयक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गॅलरीतून चाळ म्हणाली.

"ह्यो बोटीवरचो सायब माझ्या झिलाक न्हेवक इलो हा, त्येचा मन फिरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून गप्प झाली. पण सिन्योर ब्रूनोंना प्रार्थनेची साथ म्हणजे काय ते कळलं होतं. त्यांनीही छातीवर हात ठेवून घसा फोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"माझो झील माझ्या नदरेसमोर रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," या वेळी एकटे सिन्योर ब्रूनोच म्हणाले.

वसंत जमिनीकडे बघत होता. सिन्योर माझ्याकडे वळले. काय मागितलं तिने?

मी सुशीलाकडे पाहिलं. तिने डोळे वर केले नाहीत, पण हातातली पळी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. नऊ माणसांची ती खोली, दारावरचा तो नकाशा, वसंताची ती खाली गेलेली मान. मी इंग्रजीत म्हटलं, "तुमची बोट सुखरूप राहो, आणि तिच्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या आईकडे परत येवो, असं मागितलं."

पाकशास्त्राबरोबर सुशीलाला इंग्रजीही मीच शिकवलं आहे. तिला कळलं. ती म्हणाली, "बाई, ताक देऊ?"

सिन्योर ब्रूनोंनी नाक शिंकरलं. आपल्या इंजिनासाठी आजवर कुणी अख्खी बाटली ओतली नव्हती, असं म्हणाले आणि 'मुंबईसह' वरच कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. चाळीने टाळ्या वाजवल्या. वसंत आईच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ उचलला नाही.

पाहुणा गेल्यावर आये माझ्याशेजारी येऊन बसल्या. चहा माझ्या हातात दिला. लालबागेत चहा घेणार का असं विचारत नाहीत.

"मास्तरीणबाय, तुमी त्येका माझा सगळा सांगितलास मां?"

"सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी रिकामी बाटली उचलून नाकाशी नेली, हुंगली आणि बाजूला ठेवली. "दारूच वायट हुती. देवचाराक झेपली नाय. माझा उलटा आयकल्यान." मग माझ्या गुडघ्यावर थोपटत त्या मलाच समजावू लागल्या. "जावंदे. तुमचो काय इलाज?"

बुधवारी बोट वसंताला घेऊन गेली. आयेंना वाचता येत नाही, म्हणूनच मी हे लिहू शकते आहे. पदार्थ फसला की दोष जिनसांना देऊ नये, हात कुणाचा होता ते बघावं, हे मी बत्तीस वर्षं मुलींना सांगत आले. त्या दिवशी लालबागेत जिन्नस परदेशी होता, त्याची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. मी चहा संपवला आणि म्हटलं, "हो आये, दारूच वाईट होती."